अक्का मागायला निघाल्या

अक्का कुणाकडे कधी काही मागत नसत. घरातलं मीठ संपलं आणि दुकान बंद असलं, तर त्या आळणी भाजी खाऊन झोपतील, पण शेजारच्या दाराची कडी वाजवणार नाहीत. बरं, देताना हात आखडता असता तर समजू शकलं असतं. तसंही नव्हतं. माझी बायको आजारी होती तेव्हा याच अक्का न सांगता आमच्या घरी येऊन स्वयंपाक करून जायच्या. पण उलट कुणी विचारलं, "अक्का, तुम्हाला काही हवंय का?" की ठरलेलं उत्तर, "छे छे, मला काय कमी आहे?"

त्यांना कमी बरंच होतं. लग्न होऊन वर्ष-दोन वर्षांतच त्या माहेरी परत आल्या होत्या. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि विचारायची कुणाची छाती झाली नाही. पुढे जन्मभर नोकरी केली ती मोठ्या दवाखान्याच्या शिवणखोलीत. तळघरातली लांबट खोली, छताजवळ एक खिडकी, तिच्यातून रस्त्यावरून जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसायचे. मधे विरलेल्या चादरी उभ्या फाडायच्या, धडक्या कडा मधे आणून जोडायच्या, म्हणजे चादर आणखी काही वर्षं चालते. अगदीच गेली तर तिचे उशीचे अभ्रे, तेही गेले तर पुसणी. मशीनचा पट्टा तुटला तरी साहेबाकडे नवा मागायला त्या जात नसत. जुनाच टाचून घ्यायच्या.

आईला सांभाळलं ते त्यांनीच. धाकटा भाऊ लग्नानंतर गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला होता. जुन्या इमारती पाडून त्यातली दारं, खिडक्या, लाकूड विकायचा त्याचा धंदा. गावभर त्याला 'मोडतोडवाले' म्हणत. आई गेली आणि त्यानंतर बहीण-भावाचं बोलणं बंद पडलं. भांडण झालेलं कुणी ऐकलं नव्हतं. नळाची धार बारीक बारीक होत थांबावी, तसं थांबलं.

निवृत्त झाल्यावर अक्कांनी मळ्यावर वाफा घेतला. मळा म्हणजे गावाबाहेरची सरकारी पडीक जागा. तिचे लहान लहान तुकडे करून पालिकेनं लोकांना भाजी लावायला दिले होते. माझा वाफा अक्कांच्या शेजारचा. छापखान्यातली माझी पाळी संपली की मी तिथं जायचो. एका कडेला विटांची एक इमारत होती. एक मोठी खोली, तिला लागून अवजारांची कोठी, मागे मोरी आणि संडास. आम्ही थट्टेनं तिला 'बंगला' म्हणायचो. एका वादळात छपराची तुळई मोडली, पत्रे घसरून आत आले, भिंतीही अर्ध्या ढासळल्या, आणि तेव्हापासून बंगल्यात पारव्यांचं राज्य होतं. संडासाचं दार कुणीतरी जाळायला नेलं होतं.

एक दिवस पालिकेचा माणूस आला. आम्हाला झाडाखाली गोळा करून म्हणाला, "ही इमारत धोक्याची आहे. पाडायला आमच्याकडे माणसं आहेत, दुरुस्त करायला नाहीत. ठेवायची असेल तर तुमचं तुम्ही बघा."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. निवृत्त शिक्षिका होत्या एक, त्यांना आम्ही सगळे 'बाई'च म्हणायचो. त्या म्हणाल्या, "पाडा. निदान आतले साप तरी जातील."

अक्का मागे उभ्या होत्या. त्या खरं म्हणजे पाणी घालायला आल्या होत्या, हातात झारी तशीच होती.

"आणि बायकांनी जायचं कुठं?" त्या म्हणाल्या.

कुणाला पटकन कळलं नाही. अक्कांचा चेहरा लाल झाला, पण त्या थांबल्या नाहीत. "मी घरून निघते ती पाण्याचा घोट न घेता निघते. उन्हात चक्कर येते, तरी पीत नाही. इथल्या सगळ्या बायकांना विचारा. म्हणून आम्ही आलो की लगेच घरी पळतो. वर तुम्ही म्हणता, बायकांचे वाफेच कसे कोरडे! दार लावून घ्यायची एक जागा हवी. पाडू नका."

बाई चकित होऊन त्यांच्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मीसुद्धा पीत नाही. पण हे असं चारचौघांत बोलता येतं, हे मला ठाऊक नव्हतं."

मग आमच्यातला नळवाला पुढे झाला. धिप्पाड माणूस, आवाज असा की कानात सांगितलेलं पलीकडच्या रस्त्याला ऐकू जावं. "ठरलं तर मग! बांधायचं. नळाचं काम माझं. अंगमेहनत सगळ्यांची. सामान अक्का गोळा करणार."

"मी?" अक्का म्हणाल्या.

"विषय कुणी काढला?"

सगळे हसले आणि टाळ्या वाजल्या. टाळ्या वाजल्या की माणसाला नाही म्हणता येत नाही, हे नळवाल्याला चांगलं माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी अक्का मागायला निघाल्या. आधी रंगाच्या दुकानात गेल्या. दुकानदारानं विचारलं, "काय देऊ?" आणि अक्का म्हणाल्या, "एक ब्रश द्या." पैसे देऊन बाहेर. लोखंडी सामानाच्या दुकानातून एक कडी आणि थोडे खिळे घेऊन आल्या. तिसरीकडे तर त्या आतच गेल्या नाहीत. संध्याकाळी ब्रश, कडी आणि खिळे असं सगळं मळ्यावर मांडून बसल्या. नळवाल्यानं ते बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"अक्का, मागायला गेला होतात की बाजारहाट करायला?"

"नाही जमत रे मला. तोंडातून शब्दच फुटत नाही. जीभ टाळ्याला चिकटते."

"भीड भिकेची बहीण, अक्का. आणि तुम्ही स्वतःसाठी कुठं मागताय?"

"मागणारा हात कुणासाठी का असेना, खालीच असतो," अक्का म्हणाल्या.



तरी त्या पुन्हा गेल्या. या वेळी फरशीच्या दुकानात. गिऱ्हाईक संपेपर्यंत बाहेर उभ्या राहिल्या, मग आत गेल्या आणि एका दमात बोलून टाकलं. "मळ्यावरची इमारत नीट करतोय, बायकांची फार अडचण होते, तुमच्याकडे उरल्यासुरल्या फरशा असतील तर द्या, नसतील तर नाही म्हणा, मी रागावणार नाही."

दुकानदार घाबरून खुर्चीतून उठला होता. "एवढंच होय? मला वाटलं, तुम्ही भांडायला आलात." मग त्यानं त्यांना मागच्या आवारात नेलं. तिथं उरलेल्या फरशांचे ढीग होते. पाच-दहा या रंगाच्या, पाच-दहा त्या रंगाच्या, पुऱ्या खोलीला पुरतील अशा कुठल्याच नाहीत. "घेऊन जा हो. टाकवत नाहीत आणि विकल्याही जात नाहीत. माझी जागा मोकळी होईल."

अक्का घरी न जाता तडक मळ्यावर आल्या. "अरे, तो मलाच थँक्यू म्हणाला," हे त्यांनी प्रत्येकाला वेगवेगळं सांगितलं.

मग गाडी जरा रुळाला लागली. अक्कांना उमगलं की प्रत्येकाच्या मागच्या दारी काही ना काही पडलेलं असतं, आणि ते कुणीतरी मागावं म्हणून बिचारी माणसं वाट बघत असतात. रंगवाल्यानं अर्धे उरलेले डबे दिले. बेकरीवाल्यानं पावाच्या लाकडी मांडण्या दिल्या, त्या अवजारांच्या कोठीत फिट्ट बसल्या. जुन्या नोकरीच्या ओळखीवर दवाखान्यातून दोन दारं मिळाली. त्यातल्या एकावर मोठ्या अक्षरांत 'शांतता राखा' असं रंगवलेलं होतं. ते संडासाला लावायचं की कोठीला, यावर बरीच चर्चा झाली. शेवटी बाईंनी निकाल दिला, "जिथं गरज आहे तिथं लावा," आणि ते संडासाला लागलं.

दर रविवारी आम्ही जमायचो. पडलेल्या विटांना चिकटलेला जुना चुना बाई खरवडून काढायच्या. आयुष्यभर पोरांच्या वह्या तपासल्या तशाच त्या विटा तपासायच्या, नापास झालेली वीट बाजूला. मी सिमेंट-वाळूचा माल कालवायचो आणि नळवाला सगळ्यांना ओरडायचा. अक्का सामान आणायच्या, आणि आणून झालं की पदर खोचून फरशी घासायला बसायच्या. भिंती उभ्या राहिल्या, मोरी झाली, नळाला पाणी आलं. राहिलं ते छप्पर. पत्रे ठोकून सरळ करता आले असते, पण ते पेलायला तुळया हव्या होत्या. चांगल्या जाड, लांब, जुन्या लाकडाच्या. नव्या घेणं आमच्या कुवतीबाहेर होतं.

अशा तुळया गावात एकाच ठिकाणी मिळतात, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. कुणी बोलत नव्हतं. नळवालासुद्धा नळाच्या तोटीकडे बघत बसला होता.

"तोंडं कशाला शिवून बसलात?" अक्काच म्हणाल्या. "माहीत आहे मला. धाकट्याकडे आहेत."

त्या दिवशी काय झालं ते मला पुढे वहिनींनी, म्हणजे अक्कांच्या भावजयीनं सांगितलं. मोडतोडवाल्यांचं आवार मोठं. एकाला एक टेकून उभी केलेली दारं, खिडक्यांच्या थप्प्या, कुठंच न जाणारे जिने. मधे टेबल टाकून ते बसलेले. अक्का फाटकातून आत आल्या तेव्हा वहिनींनी आधी बघितलं. "अगंबाई, अक्का!" असं त्यांच्या तोंडून निघून गेलं. मोडतोडवाल्यांनी मान वर केली.

"या. बसा," ते म्हणाले.

लहानपणापासून 'अगं अक्का' म्हणणारा भाऊ आता 'या, बसा' म्हणाला. अक्का उभ्याच राहिल्या.

"बसायला नाही आले. काम होतं."

"कामाशिवाय इथं कोण येतं?"

वहिनींनी पाण्याचा पेला आणून हातात दिला. तो तसाच धरून अक्का म्हणाल्या, "मळ्यावरच्या खोलीचं छप्पर करतोय आम्ही. तुळया लागतात. विकत घ्यायची ऐपत नाही. देशील का, विचारायला आले."

"मागायला आलात?"

"हो."

"तुम्ही? माझ्याकडे?"

"हो म्हटलं ना."

मोडतोडवाल्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मळ्यासाठी आलात. आईसाठी नाही आलात."

"अहो, आत्ता कशाला ते?" वहिनी म्हणाल्या.

"आत्ता नाही तर कधी?" मग त्यांचा आवाज चढला. "आई अंथरुणाला खिळली होती. मी दर खेपेला विचारायचो, काय आणू? रात्री मी थांबू का? तुमचं आपलं एकच, छे छे, काही नको, आमचं चाललंय. दारातूनच वाटेला लावायचात. ती गेली तो निरोपसुद्धा मला शेजाऱ्याकडून आला. मुलगा होतो मी तिचा, पाहुणा नव्हतो."

अक्का म्हणाल्या, "तुझा धंदा नवा होता. पोरं लहान होती. मला वाटलं, तुझ्या डोक्याला कशाला ताप?"

"तो ताप माझ्या वाटणीचा होता. तोसुद्धा तुम्हीच घेतलात."

इतकी वर्षं अक्कांच्या मनात उलटंच होतं. धाकट्यानं सगळं माझ्यावर टाकलं, न सांगता त्याला कळायला हवं होतं, असंच त्या धरून चालल्या होत्या. त्यांनी भरलेला पेला टेबलाच्या कडेला ठेवला. मोडतोडवाले चष्मा घालत म्हणाले, "बघतो. माल बघून सांगतो."

आम्हाला अक्कांनी एवढंच सांगितलं, "बघतो म्हणालाय." आणि त्या दिवशी त्यांनी फरशीचा तोच तुकडा इतका घासला की त्याचा रंग जातो की काय असं वाटलं.

पुढच्या रविवारी ट्रक आला. तुळया होत्या. भाऊ नव्हता. ड्रायव्हरनं माल उतरवला, "मालकांनी सांगितलंय, पोचवून ये," एवढं बोलला आणि गेला. अक्का रस्त्याकडे जरा वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "चला, कामाला लागा."

तुळया दिसायला झकास होत्या. पहिली मापाला कापायला घेतली. मी आणि नळवाला दोन बाजूंनी करवत धरली, आणि करवत लोण्यातून सुरी जावी तशी सरकन आत गेली. भसाभस पीठ गळायला लागलं. वरून नुसतं कवच, आतून वाळवीनं फस्त केलेली. बाकीच्या ठोकून बघितल्या. आणखी एक तशीच निघाली.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. बाई हळूच म्हणाल्या, "जाऊ द्या. धर्माची गाय, तिचे दात काय मोजायचे? दुसरीकडे कुठंतरी बघू."

"धर्माची नाही, भावाची आहे," अक्का म्हणाल्या.

असा आवाज आम्ही त्यांचा कधी ऐकला नव्हता. त्यांनी कापलेला तुकडा उचलून काखेत मारला आणि नळवाल्याला म्हणाल्या, "गाडी काढ."

पुढचं नळवाल्यानं डोळ्यांनी बघितलं, आणि नंतर कित्येक दिवस तो ते सगळ्यांना अभिनयासकट करून दाखवायचा. आवारात गिऱ्हाइकं होती. अक्का त्यांच्यामधून वाट काढत गेल्या, केसांत भुसा, पदर खोचलेला, आणि तो तुकडा त्यांनी टेबलावर आपटला. पिठाचा ढग उठला. मोडतोडवाल्यांचा चहा त्या पिठाखाली गेला.

"ही काय तुळई दिलीस? मोठं घर पोकळ वासा ऐकलं होतं. आमचं घर तर टीचभर आहे, त्याला तरी भरीव वासा दे! उद्या बायकांच्या डोक्यावर पडली म्हणजे? दुसरी दे. आत्ताच्या आत्ता दे. आणि ठोकून बघून दे."

मोडतोडवाल्यांनी लाकडात बोट घातलं, ते आरपार गेलं. त्यांचा चेहरा पडला. "मीच निवडल्या होत्या," ते म्हणाले. "चांगल्यातल्या म्हणून निवडल्या होत्या, अक्का. शपथ."

"जुनंच लक्षण! लहानपणी आंबे निवडून आणायचास तेही असेच निघायचे."

आणि मग, नळवाला सांगायचा, तो एवढा मोठा माणूस खुर्चीत बसल्या बसल्या हसायला लागला. हसता हसता डोळे पुसायला लागला. "भांडायला आलीस होय गं?"

"मग काय हार घालायला येऊ?"

"नको, नको. भांड. भांड तू," ते म्हणाले. "किती वर्षांनी भांडते आहेस."

ते त्याच दिवशी स्वतः आले, नव्या तुळया घेऊन. गुडघा धरलेला, त्यामुळे चढता येत नव्हतं. पण उपड्या बादलीवर बसून हातोडीनं एकेक तुळई ठोकायचे आणि कान लावून ऐकायचे. त्यांनी बाईंना विटा कशा साफ करायच्या ते सांगायचा प्रयत्न केला. बाईंनी त्यांना त्यांच्या शाळेचं नाव विचारलं आणि अक्षर कसं होतं तेही विचारलं, तेव्हा ते पुन्हा तुळई ठोकायला लागले. छप्पर चढायला आणखी काही रविवार लागले. ते एकदाही चुकले नाहीत. वहिनीही यायच्या.

बंगला उभा राहिला. देखणा वगैरे नाही. जमीन गोधडीसारखी रंगीबेरंगी, कारण सारख्या फरशा कुठून आणणार? तीन भिंतींना तीन रंग. एका कोपऱ्यात जोराचा पाऊस आला की अजून ठिबकतं, आणि त्याला जबाबदार कोण यावर नळवाला आणि मोडतोडवाले यांचं एकमत होत नाही. पण दार लागतं, कडी आतून बसते, नळाला पाणी येतं. बायका आता उन्हं उतरेपर्यंत मळ्यावर असतात. पालिकेचा माणूस येऊन बघून गेला आणि "ठीक आहे" म्हणाला. उद्घाटन असं काही केलं नाही. अक्काच म्हणाल्या, "कशाला? वापरायला लागा."

शेवटचं रंगकाम झालं त्या संध्याकाळी मी मोरीत ब्रश धूत होतो. बाकीचे गेले होते. अक्का आणि त्यांचा भाऊ पुढच्या पायरीवर बसले होते. मला ऐकायचं नव्हतं, पण पाणी बंद केलं तेव्हा ऐकू आलं.

"शेवटी शेवटी आई काही बोलायची का गं?" त्यांनी विचारलं.

"बोलायची. ओळखायची नाही मला. मला तिची बहीण समजायची, वेणी घाल म्हणायची. तुझं मात्र रोज विचारायची. धाकटा शाळेतून आला का? मी सांगायचे, आला, हातपाय धुतोय. मग झोपायची."



"हे मला कुणी सांगितलंच नाही," ते म्हणाले.

"मी कुणाला सांगितलंच नाही. रात्री फार जड जायच्या रे. तू थांबायला हवा होतास."

"हाक मारायची होतीस."

"हो," अक्का म्हणाल्या. "मारायची होती."

मी ब्रश उपडे ठेवले आणि मागच्या वाटेनं बाहेर पडलो. वळून बघितलं तर दोघं तिथंच होती. अक्का हात हलवून काहीतरी सांगत होत्या आणि ते मान खाली घालून ऐकत होते. इतक्या वर्षांचं सांगायचं राहिलं होतं, ते एका संध्याकाळीत कुठलं संपतंय?